अण्णांनी नातवंडांसाठी ठेवलेले पैसे, ताईच्या घराचं छप्पर आणि मधे मी

मामा_डिचोलीकर
नमस्कार. मी इथे बहुतेक करून पाककृतींच्या धाग्यांवर मुकाट वाचत बसतो, त्यामुळे ओळख नसेल. मूळ सावंतवाडीचा, नोकरी डिचोलीत. लांबण लागणार आहे, चहा घेऊनच बसा.

आमचे अण्णा तीन वर्षांपूर्वी गेले. शाळामास्तर, सगळी कमाई स्वतःची. मृत्युपत्रात सावंतवाडीचं घर मला, आईचे दागिने ताईला, आणि बांद्याजवळची काजूची बाग व ३१ लाखांच्या ठेवी ताईच्या दोन मुलांना, पण ट्रस्टमध्ये. ट्रस्टी दोघे: मी आणि अण्णांचे मित्र बापूकाका, वय ७४. भाची आता अकरा वर्षांची, भाचा सात. शब्द असे आहेत: शिक्षण, आजारपण व निर्वाह यांसाठी ट्रस्टींना योग्य वाटेल तसा खर्च करावा, उरेल ते साठवावं, आणि ज्याला एकवीस पूर्ण होतील त्याला त्याचा अर्धा हिस्सा द्यावा.

ताईचं सासर गोव्यात, सावईवेऱ्याला. भावोजी अण्णांच्या आधी वर्षभर गेले, अचानक. अण्णांनी सगळं ताईच्या हातात का दिलं नाही हे त्यांनी कधी सांगितलं नाही. माझा अंदाज, त्यांना ताईवर संशय नव्हता, ताईच्या ‘नाही’ न म्हणण्याच्या स्वभावावर होता.

आता मुद्दा. सावईवेऱ्याचं घर जुनं, नळ्यांचं, म्हणजे मातीच्या कौलांचं. वासे वाळवीनं खाल्लेत, रिपा बोटानं दाबल्या तर भुगा हातात येतो. गेल्या पावसात भाचीच्या अभ्यासाच्या टेबलावर पातेलं ठेवलेलं मी स्वतः पाहिलं. पोरगी पातेल्याच्या एका अंगाला वही ठेवून गणितं सोडवत होती, आणि थेंब पडला की ‘टण्’ मोजत होती. सुताराचा अंदाज साडेचार लाख. ताईचं म्हणणं सरळ आहे: ‘भिजतायत मुलं, पैसे मुलांचे, तुला सही करायला काय जड होतंय?’

मला जड होत नव्हतं. बापूकाकांनी सही केली नाही. ते एवढंच म्हणाले, ‘घर कोणाचं ते आधी बघून ये.’ तेव्हापासून ताई माझ्याशी तुटक बोलते, आणि माझी बायको वेगळ्याच कारणानं गप्प आहे. (सासऱ्यांनी नातवंडांना दिलं ते ताईच्याच का, आमच्या मुलानं काय केलं होतं, वगैरे. त्यावर धागा काढणार नाही.)

निर्वाहात छप्पर बसतं का? आणि घर कोणाचं हे बघायचं म्हणजे नेमकं काय बघायचं? मिरगाच्या आधी काम व्हायला हवं, हातात सहा आठवडे आहेत.

खडूस_म्हापशेकर
सख्ख्या बहिणीला चार लाख द्यायला धागा काढावा लागतो. कलियुग.

शनिवारी_पुणेकर
वाचतोय. मृत्युपत्र रजिस्टर होतं का? आणि प्रोबेट, म्हणजे कोर्टाचं शिक्कामोर्तब?

मामा_डिचोलीकर
रजिस्टर केलेलं होतं, दोन साक्षीदार होते. सावंतवाडीत आम्हाला प्रोबेट कोणी मागितलं नाही. बागेच्या सातबाऱ्यावर आमची नावं ‘ट्रस्टी म्हणून’ लागली, त्यालाच सात महिने गेले.

काळाकोट
मामा, तुमचे बापूकाका वकील होते का हो? नसतील तर व्हायला हवे होते.

तुमच्याकडे दोन वेगवेगळे कायदे एकाच घरात राहायला आले आहेत. अण्णा महाराष्ट्राचे, मिळकत स्वकष्टाची. ते कोणालाही काहीही देऊ शकत होते. भावोजी गोंयकार. गोव्यात १८६७च्या पोर्तुगीज नागरी संहितेपासून चालत आलेली पद्धत वेगळी, आणि वारसाहक्कापुरता आता आमचा २०१२चा कायदा आहे, जो अंमलात आला डिसेंबर २०१६मध्ये. इथे लग्नाआधी वेगळा करार केला नसेल तर नवरा-बायकोची सगळी मिळकत सामाईक. बायको अर्ध्याची मालकीण, नवऱ्याला बापाकडून आलेल्या जमिनीतसुद्धा. उरलेल्या अर्ध्यातलाही अर्धाच भाग माणूस मृत्युपत्रानं स्वतःच्या मर्जीनं देऊ शकतो. बाकीचा मुलांना मिळायलाच हवा, मुलगा-मुलगी सारखे. म्हणजे ‘सगळं नातवंडांना’ असं मृत्युपत्र गोव्यातल्या आजोबाला करताच आलं नसतं. आणि कपाटात ठेवलेला साधा कागद इथे मृत्युपत्र म्हणून चालत नाही, नोटरीसमोर जावं लागतं.

आता घर. तीन गोष्टी सांगा. घर कोणाच्या नावावर होतं? भावोजींचे वडील आहेत का? भावंडं किती? आणि ताईंचं लग्न इथल्या सिव्हिल रजिस्ट्रारकडे दोन वेळच्या सह्या करून नोंदवलंय ना?

(चार झाल्या. वकिलाचं मोजणं.)

मामा_डिचोलीकर
लग्न डिचोलीला नोंदवलंय, दोन्ही सह्या झाल्यात, वेगळा करार वगैरे काही नाही. घर भावोजींच्या वडिलांचं. ते २०११मध्ये गेले. आजी आहेत, ७९ वर्षांच्या, खणखणीत. दोन भाऊ: भावोजी आणि धाकटा दीर, तो वास्कोला फ्लॅटमध्ये राहतो, चवथीला घरी येतो. इन्व्हेंटरी, म्हणजे कोर्टातली वारशाची यादी आणि वाटणी, झालेली नाही. एक-चौदाच्या उताऱ्यावर (गोव्याचा सातबारा) अजून आजोबांचंच नाव.

काळाकोट
मग मांडा. सोळा आणे घर. आठ आणे आजींचे, त्यांच्या हक्काचे. आजोबांच्या आठ आण्यांत दोन मुलगे, चार-चार आणे. भावोजींच्या चार आण्यांत ताईंचे दोन, मुलांचे दोन. म्हणजे एकेका पोराचा एक आणा.

ट्रस्टच्या तिजोरीतून साडेचार लाख घालून तुम्ही ज्या घराचं छप्पर करणार, त्यातलं चौदा आणे छप्पर दुसऱ्यांच्या मालकीवर पडतं. उद्या वाटणीत दिरानं जास्त बोली लावून घर घेतलं, तर नवं छप्पर त्याच्या घरात जाईल. इन्व्हेंटरीत वारसांमध्ये लिलाव होतो, ज्याची बोली चढी त्याला मालमत्ता, बाकीच्यांना रोख ओवेल्टी, म्हणजे त्यांच्या वाट्याचे पैसे. बापूकाकांनी विचारलं ते हेच.

शनिवारी_पुणेकर
थांबा थांबा. नवऱ्याला वडिलांकडून आलेल्या घरात बायको अर्धी मालकीण? आमच्याकडे हे सांगितलं तर अर्ध्या पेठेला भोवळ येईल.

काळाकोट
येऊ दे. आणखी एक घ्या: गोव्याच्या माणसाचा पुण्यात फ्लॅट असेल तरी त्याचा वारसा याच कायद्यानं ठरतो. सर्वोच्च न्यायालयाचा सप्टेंबर २०१९चा निकाल आहे. मामा, भावोजींचं गोव्याबाहेर काही होतं का?

मामा_डिचोलीकर
कोल्हापुरात एक वन आर.के., भाड्यानं दिलेला. ताई भाडं घेते. तो वेगळाच विषय आहे असं आम्ही धरून चाललो होतो.

काळाकोट
वेगळा नाही. यादीत येणार.

सुरंगी
मी मामांच्या ताईच्या जागी होते, म्हणून लिहितेय. माझे यजमान गेले तेव्हा मुलगा चार वर्षांचा. त्याच्या आजोबांनी त्याच्या नावानं पैसे ठेवले होते, व्यवहार मोठ्या दिरांकडे. माणूस सोन्यासारखा. पण दर वेळी, ‘वहिनी, पावती ठेवा हां.’ गणवेशाची पावती, दप्तराची पावती, तापाच्या औषधाची पावती. दुकानदार पावती लिहीपर्यंत मी काउंटरपाशी उभी राहायचे तेव्हा मला चोरी करून पुरावा मागितल्यासारखं वाटायचं. पुढे पुढे मी मागणंच सोडलं. स्वतःच्या पगारातून भागवायचे आणि पोराचे पैसे बँकेत वाढत होते.

मामा, कायद्याचं काय ते वकील सांगतील. तुम्ही ताईंना महिन्याला एक ठरावीक रक्कम द्या, बिनपावतीची. भाजी, पेन्सिली, केस कापणं, वाढदिवसाचा केक, काय असेल ते. पावत्या फक्त मोठ्या खर्चाच्या मागा.

मामा_डिचोलीकर
सुरंगीताई, हे वाचून दोन मिनिटं फोन खाली ठेवला. ताई गेल्या वर्षात एकदाही फी सोडून काही मागायला आलेली नाही. मला वाटत होतं तिला लागत नाही.

खडूस_म्हापशेकर
मी वर लिहिलं ते अर्धं मागे घेतो. अर्धं ठेवतो.

ताळेबंद
उशिरा आलो, मार्चएंडचा माणूस आहे. मामा, पैसे कुठे आहेत ते सांगा. ३१ लाख कशात?

मामा_डिचोलीकर
अण्णांनी ठेवले तसेच. वीस लाख एका बँकेत मुदत ठेव. अकरा लाख एका पतसंस्थेत, तिथे व्याज दीड टक्का जास्त. बागेचा खंड वर्षाचा वेगळा, ६५ हजार.

आणि एक कबुली देऊन टाकतो. ट्रस्टचं पॅन आणि खातं व्हायच्या आधीच्या पहिल्या मोसमाचा खंड मी माझ्या पगाराच्या खात्यात घेतला. त्यातून भाचीची फी भरली, त्यातूनच माझा गाडीचा हप्ताही गेला असणार, कारण खातं एकच. बापूकाकांनी ते शोधून काढलं आणि मला सावंतवाडीला बोलावून बँकेच्या स्टेटमेंटवर ओळ न् ओळ लाल पेनानं वेगळी करायला बसवलं. सकाळी दहापासून तीनपर्यंत. जेवायलाही त्यांनी वही मिटल्यावरच उठू दिलं.

ताळेबंद
बापूकाकांना माझा नमस्कार. बहुतेक ट्रस्टी इथेच घसरतात, आणि चोर म्हणून नाही, आळशी म्हणून. दुसऱ्याचा पैसा आपल्या खात्यात आला की दोन महिन्यांत त्याचा रंग जातो.

ठेवींविषयी. बँक बुडाली तर ठेव विमा एका बँकेत एका ठेवीदाराला पाच लाखांपर्यंत, व्याज धरून. ट्रस्ट हा एक ठेवीदार. पतसंस्थेला तर हे कवचच नाही. अण्णांनी स्वतःच्या पैशाची जोखीम घेतली, त्यांचा हक्क होता. ट्रस्टीला तो नाही. दुसऱ्याच्या, त्यातून पोराच्या पैशावर दीड टक्क्यासाठी झोप घालवू नका. पतसंस्थेची मुदत संपली की काढा, मोठ्या बँकांत आणि सरकारी रोख्यांत विभागा. मृत्युपत्रात गुंतवणुकीबद्दल काही लिहिलंय का तेही काळाकोटांना दाखवा, कारण ते गप्प असेल तर कुठे गुंतवायचं याला कायद्याचं कुंपण आहे.

कर. ट्रस्टींच्या मर्जीनं खर्च होणाऱ्या खाजगी ट्रस्टला एरवी सगळ्यात वरच्या दरानं कर लागतो. पण ट्रस्ट मृत्युपत्रानं झालेला असेल आणि त्या माणसानं मृत्युपत्रानं केलेला तो एकच ट्रस्ट असेल, तर नेहमीचे टप्पे लागतात. ३१ लाखांवर सात टक्के धरले तर २ लाख १७ हजार व्याज, म्हणजे करपात्र मर्यादेच्या आत. वरच्या दरानं तेच साठ-सत्तर हजार गेले असते. खंड शेतीचं उत्पन्न. तुम्ही विवरणपत्र भरता ना? बँक दहा टक्के कापत असेल, ते परत मिळतात.

मामा_डिचोलीकर
कापते. परत मिळतात हे माहीत नव्हतं. दोन वर्षांचे गेले का?

ताळेबंद
व्यनि (खाजगी निरोप) करा. सगळं गेलं नसेल.

शनिवारी_पुणेकर
अडाणी प्रश्न. एवढी भानगड करण्यापेक्षा अण्णांनी मुलांच्या नावानंच ठेव केली असती तर? पालक म्हणून आई.

ताळेबंद
केली असती तर व्याज आईच्या उत्पन्नात मिळवलं गेलं असतं, आणि अठराव्या वाढदिवसाला पंधरा-पंधरा लाख पोरांच्या हातात. अठराव्या वर्षी माझ्या हातात पंधरा लाख आले असते तर मी आज इथे नसतो, कुठेतरी बुलेट दुरुस्त करत असतो.

रानजाई
मी अशीच एक ‘पोर’ होते. बाबा गेले तेव्हा मी नऊची. बाबांच्या विम्याचे आणि एक प्लॉट विकल्याचे पैसे काकांकडे होते, माझ्यासाठी. ट्रस्ट वगैरे शब्द नव्हता, नुसतं ‘पोरीचे पैसे काकाकडे’. अठरा झाल्यावर मी विचारलं तेव्हा काकांनी बिस्किटांचा एक जुना डबा काढला. त्यात पासबुकं, शाळेच्या फीच्या चारदोन पावत्या, आणि एक लाख नव्वद हजारांची ठेव. म्हणाले, ‘बाकी तुझ्यावरच लागले बाय.’

खरं असेल. मी त्यांच्या घरी नऊ वर्षं जेवले, माझी दोन ऑपरेशनं झाली. पण डब्यात ते लिहिलेलं नव्हतं आणि मी कशावरून मानू? त्यांना वाटलं मी कृतघ्न. मला वाटलं… काय वाटलं ते सोडा. काकांच्या तेराव्याला मी पाहुण्यासारखी मागच्या बाकावर बसले होते.

मामा, तुमच्या वहीबद्दल आणखी लिहा ना.

मामा_डिचोलीकर
रानजाई, वही दोनशे पानी, लाँगबुक. वर ‘श्री’, खाली पहिली नोंद बापूकाकांच्या अक्षरात: ‘पेन, रु. १०’. दुसरी ‘ही वही, रु. ८५’. तिथून सुरू. डावीकडे आले, उजवीकडे गेले, आणि शेवटच्या रकान्यात कोणासाठी: भाची, भाचा किंवा दोघं. हा शेवटचा रकाना मला नको होता. काका म्हणाले, एकवीसला हिस्सा वेगळा काढायचाय, एकाचं ऑपरेशन दुसऱ्याच्या वाट्यातून गेलं तर भावंडं तुला बोल लावतील, मी तर तेव्हा असणारही नाही.

खडूस_म्हापशेकर
ट्रस्टीचं पेन पोरांच्या पैशातून? दहा रुपये का होईनात. हे कसं चालतं?

काळाकोट
चालतं. ट्रस्टच्या कामाचा रास्त खर्च ट्रस्टमधून घेता येतो. मेहनताना घेता येत नाही, दस्तात लिहिलेलं असल्याशिवाय. ट्रस्टची वस्तू स्वतः विकतही घेता येत नाही. दोन ट्रस्टी असतील तर दोघांनी मिळून निर्णय घ्यायचा, ‘तू बघ रे, मी सही करतो’ हेही चालत नाही. आणि नुकसान झालं तर स्वतःच्या खिशातून.

मामा, बापूकाका ७४चे. त्यांच्यानंतर कोण? मृत्युपत्रात नवा ट्रस्टी नेमायची तरतूद बघा, आत्ताच.

बांद्याचो बाबू
मामानूं, बांद्याक बाग खयसर? ६५ हजार खंड कमी वाटता माका. किती झाडां? आमच्या हयसर यंदा मोहोर बरो होतो. खंड देवचो तर मोहोर बघून जानेवारीत ठरवा, गणपतीक ठरवल्यात तर घेणारो पावसाची भीती दाखवून भाव पाडता. आणि कुंपणाचो खर्च कोणाचो ता कागदार घाला.

मामा_डिचोलीकर
बाबू, साडेतीनशे कलमं, पैकी शंभरेक म्हातारी. खंड आम्ही गणेशचतुर्थीलाच ठरवतो, कारण तेव्हा मी घरी असतो. म्हणजे माझ्या सोयीनं. नोंद घेतली. अण्णांचा एक दूरचा भाचाच घेतो बाग, त्यामुळे घासाघीस करायला मला संकोच वाटतो.

बांद्याचो बाबू
तुझो संकोच पोरांच्या पैशान नको रे. साडेतीनशे कलमांक पाच जणांक इचार, मग भाच्याक सांग.

सुरंगी
छपराचं काय ठरतंय? सूर्य तापलाय इथे फोंड्याला, आठवड्यात वळवाचा पाऊस येईल.

काळाकोट
माझं मत देऊन टाकतो, मग तुमचे ट्रस्टी ठरवतील. निर्वाहात डोक्यावरचं छप्पर येतं, यात मला शंका नाही. अन्न, वस्त्र आणि मग काय, गळकं घर? प्रश्न किती, आणि कोणाच्या मालकीवर, एवढाच आहे. तेव्हा सगळं घर करू नका. मुलं वापरतात तेवढा भाग करा. दीर आणि आजींकडून वाटा मागा. त्यांनी कमी दिला तर ट्रस्टनं जास्तीचं घालावं, पण स्टँप पेपरवर सगळ्यांच्या सहीनं लिहून घ्यावं, की मुलांच्या हिश्शापेक्षा इतके जास्त घातलेत आणि इन्व्हेंटरीत ते मुलांचं येणं म्हणून दाखवायचं. पैसे ताईंच्या हातात न देता लाकूडवाल्याच्या आणि सुताराच्या खात्यात.

आणि इन्व्हेंटरी लावा. आजी आहेत तोवर. काबेस द काझाल, म्हणजे कुटुंबप्रमुख म्हणून त्याच बसतील, यादी त्याच देतील. त्यांच्यानंतर तुम्ही आण्यांवरून पैवर याल. अल्पवयीन मुलांचा भाग असताना कोर्टाबाहेर बसून आपसात वाटण्या करायच्या फंदात पडू नका, आणि कोर्टाच्या परवानगीशिवाय मुलांच्या वाट्याची जमीन विकायचा विचारही नको.

मामा_डिचोलीकर
रविवारी सावईवेऱ्याला जातोय, बापूकाकांना घेऊन. ते गाडीत मागे बसतात आणि ४०च्या वर जाऊ देत नाहीत. रात्री लिहितो.

खडूस_म्हापशेकर
रविवार होऊन नऊ दिवस झाले. मामा जिवंत आहेत का?

मामा_डिचोलीकर
आहे. उशीर झाला, कारण काम सुरू झालं.

त्या दिवशी मी पोटात गोळा घेऊन गेलो होतो. ताई चहा ठेवून आत गेली, बाहेर आलीच नाही. बापूकाकांनी आजींना विचारलं, तुमच्या छपराची पाहणी करू का. ‘तुमच्या’ म्हणाले ते. आजी काठी घेऊन उठल्या आणि त्यांनीच खोलीखोली फिरवलं. पुढची पडवी आणि देवाची खोली धडधाकट निघाली, भावोजींनी तिथले नळे दरवर्षी परतले होते. खराब झालंय ते स्वयंपाकघर आणि मागच्या दोन खोल्या, म्हणजे मुलं असतात तेवढंच. सुतारानं तेवढ्याचा अंदाज दिला, २ लाख ७० हजार.

मग काकांनी वही ताईपुढे ठेवली. पहिल्यांदाच. तीन वर्षांत मी ती तिला दाखवली नव्हती. लपवली नव्हती, दाखवली नव्हती एवढंच. तिनं उभ्यानंच पानं चाळली, मग बसली, मग चष्मा आणला. तासभर कोणी बोललं नाही. माझ्या लाल पेनानं वेगळ्या केलेल्या ओळींपाशी येऊन म्हणाली, ‘हा गाडीचा हप्ता आहे का रे तुझा?’ मी हो म्हटलं. ती हसली. तीन महिन्यांनी हसली.

दिराला मी तिथूनच फोन लावला, स्पीकरवर. त्यानं आधी ‘तुम्ही राहता, तुम्ही करा’ असं धरलं. मग आजींनी फोन घेतला आणि कोंकणीत त्याला जे सुनावलं ते इथे लिहीत नाही. शेवटी त्याचे ६० हजार, आजींचे नारळाच्या पैशातले ७० हजार, ताईचे ४० हजार, आणि ट्रस्टचे एक लाख. मुलांच्या दोन आण्यांचे होतात ३३,७५०. वरचे ६६,२५० काळाकोटांनी सांगितल्याप्रमाणे कागदावर आले, पाच सह्या झाल्या. दिराची सही घ्यायला मी वास्कोला गेलो, त्यानं मासळीचं जेवणही घातलं.

सुरंगीताई, महिन्याला आठ हजार ठरवले, बिनपावतीचे. वहीत एकच ओळ: ‘घरखर्च, दोघं’. ताई म्हणाली सहा पुरेत. काका म्हणाले, आठ. उरले तर तू साठव.

पतसंस्थेची ठेव ऑगस्टला मोकळी होतेय. इन्व्हेंटरीसाठी फोंड्याला वकील बघितलाय. नवा ट्रस्टी म्हणून काकांनी स्वतःच्या मुलीचं नाव सुचवलंय, ती सावंतवाडीत पोस्टात आहे. मला पसंत आहे, माझ्या बायकोला नाही, बघू.

रानजाई
ताईंनी वही वाचली, छान झालं. मुलांना दाखवता का?

मामा_डिचोलीकर
भाचीला दाखवली. अकरा वर्षांची आहे, बेरजा पक्क्या आहेत. तिनं दोन पानं तपासून एक चूक काढली, नऊ रुपयांची, बापूकाकांची. म्हाताऱ्याचा चेहरा बघण्यासारखा होता.

काळाकोट
नळे चढले का?

मामा_डिचोलीकर
चढले. मिरग लागायच्या दोन दिवस आधी. काल रात्री सावईवेऱ्याला धो धो. ताईनं फोटो पाठवला, टेबलावर पातेलं नाही. पडवीत मात्र एक जागा नवीन गळतेय, सुतार वर चढला तेव्हा पाय पडून नळा फुटला असणार.

खडूस_म्हापशेकर
बरं झालं. पण त्या दहा रुपयांच्या पेनाचं काय ठरलं?

मामा_डिचोलीकर
भाचीनं तेच विचारलं. कायद्यानं घेता येतात असं मी सांगून बघितलं. म्हणाली, पेन तर अजून आजोबाकाकांच्या खिशातच आहे, मग माझ्या पैशाचं कसं? काकांनी खिशातून दहाची नोट काढली. पान ४१, जमेच्या बाजूला.